भुतांची शिकारीण, पण शिकार कुठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं होऊन, फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ. त्याची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. तुमच्या टेबलावरच्या एका मुलीला भुताखेतांची शिकारीण खेळायची आहे आणि तिने रेंजरसाठी (रानात वावरणारा, माग काढणारा लढवय्या) स्वतः एक सबक्लास, म्हणजे त्या पात्राची खास उपशाखा, लिहून आणलाय. तिसऱ्या लेव्हलला 'दिव्य बाण': मृतयोनीतल्या शत्रूला लागलेल्या प्रत्येक बाणाला २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) इतकं रेडियंट, म्हणजे दिव्य प्रकाशाचं, डॅमेज जास्त. सातव्याला 'भूतदृष्टी': अदृश्य सगळं कायम दिसणार. अकराव्याला मृतयोनीवर तिसरा हल्ला. पंधराव्याला 'अंतिम घाव': १०० हिट पॉइंटच्या (जीव किती उरलाय त्याचा आकडा) खाली आलेलं भूत जागच्या जागी ठार. बॅलन्स कसा साधायचा, असं तुम्ही विचारलंय. पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं: "सगळं आहे, पण ती शिकारीण वाटत नाही, धनुष्य घेतलेला पॅलाडिन वाटते."

पॅलाडिन म्हणजे दैवी शक्तीने वार करणारा योद्धा. तुम्हाला दुखणं नेमकं सापडलंय. बॅलन्सचं आधी उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. पॅलाडिनला प्रत्येक वाराला १डी८ रेडियंट मिळायला अकरावी लेव्हल यावी लागते. तिने त्याहून जास्त तिसऱ्या लेव्हलला मागितलंय. 'अंतिम घाव' म्हणजे 'पॉवर वर्ड किल' हा नवव्या पातळीचा स्पेल, म्हणजे मंत्र. तो जादूगारालाही सतराव्या लेव्हलच्या आधी मिळत नाही. हे आकडे खाली आणता येतील. पण २डी६ चं १डी६ केलं तरी ती शिकारीण होणार नाही, कमी मारणारा पॅलाडिन होईल.

तिच्या चारही क्षमता पुन्हा वाचा. 'भूतदृष्टी' सोडली तर बाकी तिन्ही इनिशिएटिव्हचा, म्हणजे लढाईतली पाळी ठरवणारा, फासा पडल्यानंतर सुरू होतात, आणि शिकार तर तोवर जवळजवळ संपलेली असते. कोण आहे, कुठे राहतं, कुठल्या वेळी बाहेर पडतं, कशाला भितं, कुठल्या वाटेने परतेल, ही सगळी शिकार आणि ती तिच्या कागदावर कुठेच नाही. मी गेली अनेक वर्षं टेबल चालवतोय आणि लोकांचे होमब्रू (घरी लिहिलेले नियम) तपासून देतोय. शिकारी पात्रांत हीच चूक मला सगळ्यात जास्त दिसते: शिकाऱ्याची ताकद वारात शोधली जाते. ती मागात असते.

हे मला टेबलावर नाही, मचाणावर कळलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राण्यांची नोंद करायला बसतात, तसा मेळघाटात एकदा बसलो होतो. सोबत एक वनमजूर होते. रात्री साडेदहाच्या सुमारास लांब नाल्याच्या अंगाला एक वानर खाकरलं. मग थोडं अलीकडे दुसरं. मला नुसता आवाज ऐकू आला. ते हळूच म्हणाले, "बसलं नाही, चालून राह्यलं. नाल्यातून येते." आवाज एका जागी थांबला असता तर जनावर बसलंय, आवाज सरकतोय म्हणजे ते चालतंय. मग त्यांनी बोटाने पाण्याच्या डाव्या काठावरचा एक खडक दाखवला आणि गप्प झाले. पाऊण तासाने बिबट्या त्याच खडकाआडून पाण्यावर आला. त्या माणसाने त्याला एकदाही पाहिलं नव्हतं आणि तो कुठून डोकं काढणार हे त्याला ठाऊक होतं. तुमच्या खेळाडूला हेच हवंय, पण नियमांच्या भाषेत कसं मागायचं ते तिला माहीत नाही. माहीत नसलं की माणूस डॅमेज मागतो, कारण पुस्तकांत सगळीकडे तेच दिसतं.

२०१७ मध्ये 'झॅनाथार्स गाइड' या नियमपुस्तकात आलेला 'मॉन्स्टर स्लेयर' रेंजर बघा. नावानेच राक्षसांचा शिकारी. तिसऱ्या लेव्हलची त्याची 'हंटर्स सेन्स' ही क्षमता वाचताना मस्त वाटते: ६० फुटांच्या आतल्या, दिसणाऱ्या जीवावर एक अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) खर्च करायची आणि त्याला कुठलं डॅमेज लागत नाही, कुठलं कमी लागतं, कुठलं दुप्पट लागतं हे कळतं. आता हे टेबलावर चालवून पाहा. समोर वेअरवुल्फ (लांडगा होणारा माणूस) आला. तुम्ही अ‍ॅक्शन घालवली आणि कळलं की साध्या शस्त्रांनी याला काही होत नाही, चांदी हवी. चांदी कुठे आहे? गावात, सोनाराकडे, दहा बाणांवर चांदी चढवायला १०० सोन्याची नाणी. माहिती खरी आहे, पण ती तिचा उपयोग संपल्यावर आली.

ट्रोल हा धिप्पाड राक्षस घ्या. आग किंवा ॲसिड लागल्याशिवाय त्याच्या जखमा दर टर्नला १० पॉइंटांनी भरून येतात, ही त्याची सगळी गोष्ट. पण आगीने त्याला दुप्पट डॅमेज होत नाही, म्हणून नियमांप्रमाणे ती त्याची 'व्हल्नरेबिलिटी' नाही, आणि हंटर्स सेन्स त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. व्हॅम्पायरचंही तसंच. ऊन, वाहतं पाणी, छातीतली मेख, शवपेटी, व्हॅम्पायरच्या शिकारीत जे जे म्हणून काही असतं ते त्या क्षमतेच्या चौकटीबाहेर राहतं. राक्षसमार म्हणवणाऱ्या पात्राला राक्षसाची सगळ्यात प्रसिद्ध दुबळी बाजू कळत नाही. मला हे मनापासून खटकतं.

त्या सबक्लासमध्ये चांगलंही आहे. पंधराव्या लेव्हलची 'स्लेयर्स काउंटर' मला फार आवडते: ठरवलेल्या सावजाने सेव्ह (त्याच्या हल्ल्यातून वाचायचा फासा) मागितला की त्याआधी रिअ‍ॅक्शनने, म्हणजे समोरच्याच्या पाळीत करायच्या झटपट कृतीने, वार करायचा, लागला तर सेव्ह आपोआप पास. यात एक नातं आहे. तू माझ्यावर काय टाकणार हे मला ठाऊक होतं, मी तयार होतो.

मूळ रेंजरच्या 'फेवर्ड एनिमी' (ठरलेला शत्रू) या क्षमतेची कथाही शिकण्यासारखी आहे. ३.५ आवृत्तीत ठरलेल्या शत्रूवर डॅमेजही वाढायचं आणि माग काढणं, त्याचा डाव ओळखणंही. २०१४ मध्ये डॅमेज काढलं. उरलं माग काढताना आणि त्याच्याबद्दल आठवताना ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. कल्पना शिकारीचीच होती, पण जीवांचे १४ प्रकार, त्यातला एक पहिल्याच दिवशी निवडायचा, आणि कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीत) तो आलाच नाही तर पानावर नुसती शाई. २०२४ च्या नव्या नियमांत त्याच नावाखाली 'हंटर्स मार्क' हा स्पेल फुकट वापरायला मिळतो, म्हणजे गाडी पुन्हा १डी६ जादा डॅमेजवर आली. लोकांची तक्रार "उपयोग होत नाही" अशी होती. उपयोग वाढवायचा सोपा रस्ता डॅमेजचा, तोच घेतला गेला. विषय मात्र मागे राहिला.

दुसऱ्या खेळांनी हे जास्त चांगलं सोडवलंय. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत रेंजर सावज ठरवतो, तेव्हा ते दिसायलाच हवं असं नाही. तुम्ही त्याचा माग काढत असाल तरी चालतं. एवढ्याशा सवलतीने शिकार लढाईच्या आधी सुरू होते. 'मॉन्स्टर ऑफ द वीक'मध्ये तर शोध घेण्याची चाल म्हणजे थेट प्रश्नांची यादी: हा कुठल्या जातीचा आहे, काय करू शकतो, कशाने इजा होईल, कुठे गेला. २डी६ टाका, ७ ते ९ आले तर एक प्रश्न, १० किंवा जास्त आले तर दोन, आणि उत्तर खरं द्यावंच लागतं. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी त्या रात्री झोपलो नाही, इतकं ते मला पटलं. खेळाडूला अंदाज करत बसवायचं नाही, तिला प्रश्न विचारायचा हक्क द्यायचा.

आता तुमच्या खेळाडूच्या कागदावर येऊ. तिसऱ्या लेव्हलची क्षमता मी अशी लिहीन:

"माग वाचणे. सावजाच्या कुठल्याही खुणेपाशी (पाऊल, जखम, मोडलेलं दार, खाऊन टाकलेलं हाडूक, पाहिलेल्या माणसाची हकिकत) दहा मिनिटं घालव आणि सर्व्हायव्हलचा चेक कर (माग काढायच्या कौशल्याचा फासा टाक). १५ किंवा जास्त आले तर दोन प्रश्न विचार, १० ते १४ ला एक. दहाच्या खाली आले तरी एक प्रश्न विचार, पण त्या बदल्यात सावजालाही तुझ्याबद्दल काहीतरी कळतं. एका खुणेवर एकदाच. ज्या सावजाबद्दल निदान एक उत्तर तुझ्याकडे आहे, त्याला तुझ्या टर्नमधला पहिला लागलेला बाण १डी६ जास्त डॅमेज करतो."

डॅमेज आहे, पण ते माहितीच्या पाठीमागून येतं. जिच्याकडे उत्तर नाही तिचा बाण साधाच. आणि १डी६, टर्नला एकदा, म्हणजे मॉन्स्टर स्लेयरला मिळतं तेवढंच. बॅलन्सची चिंता नको. दहाच्या खालचा भाग काढू नका. "काही सापडलं नाही" हे वाक्य शिकारीच्या गोष्टीला मारून टाकतं. त्याऐवजी तिने राख हुंगायला वाकावं आणि वरच्या फांदीवरून कुणीतरी तिचा वास ठेवून घ्यावा.

प्रश्नांची यादी तिने आणि तुम्ही मिळून करा, पाच-सहा पुरेत. कशाने इजा होते, काय टाळतो, कुठे परततो, हे असतीलच. एक प्रश्न मात्र माझ्या आग्रहाने घाला: "याचं काय अपुरं राहिलंय?"

तो माझ्या टेबलावर कसा आला ते सांगतो. आमच्या कॅम्पेनमध्ये मुंजा होता. मुंज झालेला, पण सोडमुंजीच्या आधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. पहिल्या वेळी मी त्याला नुसतं भूत म्हणून चालवलं. पार्टीतल्या (खेळाडूंच्या टोळीतल्या) शिकाऱ्याकडे तुमच्या खेळाडूसारखेच चमकणारे बाण होते. चाळीस मिनिटं फासे पडले, मुंजा मेला, पिंपळही तोडला, आणि घरी जाताना कुणी त्याच्याबद्दल एक शब्द बोललं नाही. मला ते फार लागलं. आजीने सांगितलेल्या मुंजाला मी हिट पॉइंटांची पिशवी करून टाकलं होतं.

दोन वर्षांनी दुसऱ्या पार्टीसमोर तोच मुंजा आणला, यावेळी हा प्रश्न शिकारीच्या क्षमतेत होता. शिकारी खेळणाऱ्या मुलीने पारावर पडलेला मुंज गवताचा तुकडा उचलला, चेक केला आणि विचारलं, याचं काय अपुरं राहिलंय? मी सांगितलं: मेखला कंबरेवरून कधी उतरलीच नाही, आणि काशीला निघालेल्याला अडवायला मामा आला नाही. आपल्याकडे सोडमुंजीत मुलगा काशीला निघतो आणि मामा "जाऊ नकोस, माझी मुलगी देतो तुला" म्हणून त्याला परत आणतो, हे टेबलावरच्या सगळ्यांनी घरात पाहिलेलं होतं. पुढचं सगळं सेशन त्या मामाला शोधण्यात गेलं. तो म्हातारा झाला होता, गाव सोडून गेला होता, यायला तयार नव्हता. शेवटी फायटरने त्याला पाठीवर घेऊन पिंपळाखाली आणला. मामा ते वाक्य म्हणाला तेव्हा टेबलावर कुणीही फासा हातात धरलेला नव्हता. जिने तो प्रश्न विचारला, तिला त्या रात्री आपण काय खेळतोय ते कळलं होतं.

सातव्या लेव्हलच्या 'भूतदृष्टी'बद्दल माझं मत कडक आहे: काढा. जिला सगळं कायम दिसतं तिला माग काढायची गरज उरत नाही. शिकारीला डोळे द्यायचे नसतात, युक्ती द्यायची असते. तिथे मी 'पोतडी' ठेवीन. दर लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) विस्डम मॉडिफायरइतक्या (शहाणपणाच्या गुणावरून ठरणाऱ्या आकड्याइतक्या) वेळा (निदान एकदा) ती म्हणू शकते, "हे मी बरोबर आणलंय." वस्तू बाजारात मिळणारी हवी, किंमत १०० नाण्यांपर्यंत, पैसे तिथल्या तिथे वजा, आणि एक अट: माग वाचताना मिळालेल्या एखाद्या उत्तराशी तिचा संबंध हवा. शंभरची मर्यादा मी मुद्दाम धरली आहे, दहा चांदीचे बाण बरोबर त्यात बसतात. 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळात वस्तू निघतानाच ठरवायच्या नसतात, वापरताना जाहीर करायच्या असतात. कल्पना तिथून घ्या. अनुभवी शिकारी काय काय बांधून नेते हे खेळाडूला स्वतःला माहीत असण्याची गरज नाही, तिच्या पात्राला माहीत असलं की झालं.

आणि अदृश्य भूत दिसायचं कसं? पोतडीतून पीठ काढू दे. ओसरीवर पसरू दे, कंदील विझवून कोपऱ्यात बसू दे. पिठात पावलं उमटायला लागतात. टाचा पुढे, बोटं मागे. हडळ आहे हे टेबलावर सगळ्यांना एकाच क्षणी कळतं, तुम्हाला तिचं नावही घ्यावं लागत नाही. 'भूतदृष्टी'ने तुम्ही फक्त "ती तिथे उभी आहे" एवढंच सांगू शकला असतात.

अकराव्याचा तिसरा हल्ला बदलून एक अडवणूक द्या. सावजाची जी शक्ती तिला माग वाचताना कळली आहे (भुरळ घालणं, भिंतीतून जाणं, धुकं होणं) ती सावज वापरायला गेलं की ती रिअ‍ॅक्शनने अडवू शकते. सावजाला विस्डम सेव्ह, फसला तर शक्ती वाया. शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) एकदा. मॉन्स्टर स्लेयरला याच लेव्हलला स्पेल आणि टेलिपोर्ट अडवता येतात, तेव्हा ताकद त्याच मापाची आहे, फक्त आधी ती शक्ती ओळखावी लागते.

'अंतिम घाव' मात्र मला पूर्ण काढावासा वाटत नाही. त्यात तिला काहीतरी खरं म्हणायचंय: माझ्या हातून सुटलेलं परत येत नाही. तेच शब्दशः लिहा. पाचव्या आवृत्तीतला व्हॅम्पायर शून्यावर आला की मरत नाही, धुकं होतो, आणि दोन तासांत आपल्या शवपेटीपाशी पोहोचला की वाचतो. ट्रोलही आग लागली नाही तर उठून बसतो. पंधराव्या लेव्हलला 'वाट बंद' अशी क्षमता द्या: ज्या सावजाबद्दल निदान तीन उत्तरं तिच्याकडे आहेत, ते तिच्या बाणाने शून्यावर आलं तर निसटण्याची, पुन्हा उठण्याची कुठलीही शक्ती त्याला वापरता येत नाही. यात आकड्यांची भर जवळजवळ काहीच नाही, पण पूर्ण पार्टीने सहा सेशन शोधलेला व्हॅम्पायर तिच्या बाणाने कायमचा संपतो.

किंमत मोजायला लावणाऱ्या क्षमतांचाही विचार करा, तिला आवडत असेल तर. मॅथ्यू मर्सरने पाचव्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या 'ब्लड हंटर' या पात्रप्रकारात शस्त्राला शक्ती चढवायची तर स्वतःचं रक्त सांडावं लागतं, हिट पॉइंट जातात. राक्षसाशी लढता लढता आपणही थोडे तसे होतो, ही त्यातली कल्पना. पण प्रत्येक शिकाऱ्याची गोष्ट ही नसते. तिला विचारा.

आता तुमच्या बाजूचं काम. असा सबक्लास डीएमवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यावर, भार टाकतो, आणि तो टाळून चालणार नाही. प्रत्येक महत्त्वाच्या राक्षसाबद्दल सेशनच्या आधी तीन ओळी लिहून ठेवा: मागे काय सोडतो, काय टाळतो, कुठे परततो. उत्तरं तयार नसतील तर तिने प्रश्न विचारल्यावर तुम्ही गडबडता आणि काहीतरी पुळचट सांगता. दोनदा असं झालं की ती प्रश्न विचारणं सोडते. दुसरं, माग वाचताना बाकीचे चौघे जांभया देत बसू नयेत. उत्तर तिला मिळू दे, पण ते वापरायला दुसऱ्याची गरज पडेल असं द्या. आगीची गरज आहे हे तिला कळलं, तर आगीचा स्पेल विझार्डकडे (जादूगाराकडे) आहे. मामा सापडला, तर त्याला उचलून आणायला फायटर लागतो.

चाचणीसाठी पाचव्या लेव्हलला ट्रोल द्या, पण लगेच दाखवू नका. कोळसा पाडणाऱ्यांची वस्ती असू दे. आजूबाजूची चार खेडी लुटली गेली, या वस्तीला कुणी हात लावला नाही. भट्टीच्या कडेने फिरून गेलेली मोठी पावलं असू देत, भट्टीपासून तीस पावलांवर वळलेली. ती तिथे बसेल, चेक करेल, विचारेल, "काय टाळतो?" तुम्ही उत्तर द्या. मग घड्याळ लावा, आणि पार्टी तेल, पलिते आणि विझार्डचे स्पेल स्लॉट (अजून किती स्पेल टाकता येतील) मोजायला किती वेळ घेते ते बघा.